वांशिक हिंसा आणि तिचे मागे उरणारे परिणाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील वांशिक हिंसेविषयी मुंबईत मराठीतून बोलायला लागले की महाविद्यालयातील मुलांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत सर्वांकडून काही ठरावीक प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे. काही प्रश्नांना दोन वाक्ये पुरतात.

वांशिक हिंसा नेमकी कशाला म्हणायचे?

माणसाने स्वतः काय केले हे न पाहता, तो अमुक वंशाचा किंवा वर्णाचा आहे एवढ्याच कारणावरून त्याच्यावर, त्याच्या घरादारावर किंवा सबंध वस्तीवर झालेला हल्ला म्हणजे वांशिक हिंसा. हल्ला जमावाने केला की सरकारी पोलिसांनी, याने व्याख्येत फरक पडत नाही, आणि बहुतेक मोठ्या घटनांत हे दोघे वेगळे काढताही येत नाहीत. अशा हल्ल्यात मारला जाणारा माणूस एक असतो, पण निरोप त्याच्या सगळ्या समाजाला दिलेला असतो.

हे दुखणे अमेरिकेचे. आपण मुंबईत बसून ते कशाला वाचायचे?

मराठी माणूस हा विषय आज पहिल्यांदा वाचत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील भल्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, कारण अस्पृश्यांच्या वतीने तसा अर्ज करावा असे त्यांच्या मनात होते. डु बॉइस यांनी त्याच जुलैअखेर उत्तरही पाठवले. आणि १९७२ साली मुंबईतल्या तरुण कवी-लेखकांनी संघटना काढली तेव्हा तिचे नाव थेट अमेरिकेतील ओकलंडच्या ‘ब्लॅक पँथर’ या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेऊन ‘दलित पँथर’ ठेवले. एवढे धागे असताना हा विषय परका मानण्याचे कारण दिसत नाही.

फुल्यांच्या अर्पणपत्रिकेबद्दल एक गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. ज्या वर्षी ती लिहिली गेली त्याच वर्षीच्या १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियाना राज्यातील कोल्फॅक्स येथे गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने न्यायालयाच्या इमारतीचा ताबा राखून बसलेल्या कृष्णवर्णीयांची कत्तल केली. त्यातले अनेक जण शरण आल्यानंतर मारले गेले. मृतांचा अंदाज ६० पासून १५० पर्यंत जातो.

गुलामगिरी १८६५ साली संपली. मग त्यानंतर हिंसा कमी होण्याऐवजी वाढली कशी?

गुलाम ही मालकाची मालमत्ता होती, आणि आपली मालमत्ता जमावाने जाळून टाकावी असे कोणत्याही मालकाला वाटत नाही. स्वतंत्र झालेला माणूस मात्र मत देणार, जमीन घेणार, दुकान टाकणार, निवडणुकीला उभा राहणार. हिंसा वाढली ती इथे. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने नागरिकत्व दिले, १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली, आणि दक्षिणेत ही कलमे कागदावर ठेवण्याचे काम बंदुकीने केले. कोल्फॅक्सच्या खटल्यात ज्या मोजक्या आरोपींना शिक्षा झाली होती, त्यांच्या शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १८७६ साली रद्द केल्या. चौदाव्या घटनादुरुस्तीने राज्यांवर बंधन येते, खासगी माणसांवर नाही, असा तर्क त्यामागे होता. १८७७ साली केंद्राने दक्षिणेतून लष्कराचे संरक्षण काढून घेतल्यावर उरलेला अडथळाही दूर झाला.

उत्तर कॅरोलायनातील विल्मिंग्टनचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. त्या शहरात कृष्णवर्णीयांची संख्या अधिक होती, नगर परिषदेत गोरे आणि कृष्णवर्णीय मिळून कारभार करत होते, आणि ॲलेक्झांडर मॅनली यांचे ‘डेली रेकॉर्ड’ हे वृत्तपत्र तेथून निघत असे. १० नोव्हेंबर १८९८ रोजी जमावाने हा छापखाना जाळला, रस्त्यांवर माणसे मारली आणि त्याच दिवशी महापौर व नगरसेवकांकडून राजीनामे लिहून घेऊन आपली माणसे खुर्च्यांवर बसवली. निवडून आलेले सरकार असे दिवसाढवळ्या उलथले गेले आणि केंद्राने काहीही केले नाही. १८९६ साली त्या राज्यात सुमारे सव्वा लाख कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०२ साली ते सहा हजारांच्या आसपास उरले. झुंडबळीविरोधी, म्हणजे जमावाने खटल्याविना माणसे मारण्याच्या (लिंचिंगच्या) विरोधातले, पहिले विधेयक १९०० साली अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडणारे जॉर्ज हेन्री व्हाइट याच राज्याचे. ते १९०१ साली बाहेर पडले, आणि त्यानंतर उत्तर कॅरोलायनातून पुढचा कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडून यायला १९९२ साल उजाडले. परिणाम किती काळ टिकतात असे जो विचारतो, त्याला मी आधी ही दोन सालेच सांगतो.

लिंचिंगमध्ये मारले गेलेले लोक गुन्हेगार होते, असे ऐकले आहे. ते खरे का?

नाही. ज्यांच्यावर खटलाच चालला नाही त्यांना गुन्हेगार कोणी ठरवले, हा पहिला मुद्दा. दुसरा असा की, या सबबीची तपासणी त्या काळातच झाली होती. मेम्फिस शहरात ‘पीपल्स ग्रोसरी’ नावाचे कृष्णवर्णीयांचे वाणसामानाचे दुकान होते आणि त्यामुळे जवळच्या गोऱ्या वाण्याचे गिऱ्हाईक तुटत होते. मार्च १८९२ मध्ये त्या दुकानाच्या मालकासह तिघांना तुरुंगातून ओढून नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. मालक हा पत्रकार आयडा बी. वेल्स यांचा स्नेही होता. त्यांनी एकामागून एक प्रकरणे तपासली तेव्हा असे दिसले की, गोऱ्या स्त्रीवर अत्याचार केला म्हणून जमाव खवळला, असे जे सरसकट सांगितले जाई, तो आरोपसुद्धा बहुसंख्य प्रकरणांत नव्हता. व्यवहारातील भांडण, मजुरीची मागणी, उलट उत्तर, एवढ्यावरही माणसे मारली गेली होती. वेल्स यांनी हे छापले आणि त्यांच्या वृत्तपत्राची कचेरी फोडण्यात आली.

अलाबामातील टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेने ठेवलेल्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात ४,७४३ जणांचे लिंचिंग झाले, त्यांतले ३,४४६ कृष्णवर्णीय होते. या केवळ नोंद झालेल्या घटना आहेत. हे लपूनछपून होत नसे, हेही ध्यानात घ्यावे. लोक मुलाबाळांसह पाहायला येत, छायाचित्रकार फोटो काढत आणि त्याची पोस्टकार्डे करून विकत. अशी पोस्टकार्डे टपालाने पाठवायला १९०८ साली बंदी आली. गुन्ह्याचा पुरावा गुन्हेगारांनीच पैसे मोजून विकत घ्यावा आणि तरीही मृत्यूच्या चौकशीत ‘अज्ञात व्यक्तींच्या हातून’ असा शेरा पडावा, इतका तो निर्धास्त कारभार होता.

टल्सामध्ये काय घडले?

ओक्लाहोमा राज्यातील टल्सा हे तेलाच्या पैशावर भरभराटलेले शहर. त्यातील ग्रीनवुड या भागात कृष्णवर्णीयांची दुकाने, हॉटेले, चित्रपटगृहे, दवाखाने आणि वृत्तपत्रे होती. ३० मे १९२१ रोजी डिक रोलंड नावाचा बूटपॉलिश करणारा तरुण ड्रेक्सेल बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शिरला, लिफ्ट चालवणारी गोरी मुलगी ओरडली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला अटक झाली. त्या दुपारच्या ‘टल्सा ट्रिब्यून’मध्ये बातमी आली. संध्याकाळी न्यायालयाबाहेर जमाव जमला. रोलंडला ओढून नेतील या भीतीने काही सशस्त्र कृष्णवर्णीय, ज्यांत पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिकही होते, त्याच्या रक्षणाला गेले. झटापटीत गोळी सुटली. रात्रभर चकमकी झाल्या आणि १ जूनला उजाडताच हजारो गोरे ग्रीनवुडमध्ये घुसले. त्यांतल्या अनेकांना पोलिसांनीच तात्पुरते अधिकार दिले होते. सुमारे ३५ ब्लॉक, म्हणजे चार रस्त्यांमधले घरांचे चौकोन, जळाले. रेड क्रॉसच्या मोजणीनुसार १,२५६ घरे जळाली. मृतांचा सरकारी आकडा ३६ होता. नंतरचे अंदाज ३०० पर्यंत जातात.

घरे जळत असताना हजारो कृष्णवर्णीय रहिवाशांनाच धरून सभागृहात आणि जत्रेच्या मैदानात डांबले गेले. एखाद्या गोऱ्या मालकाने हमी दिली तरच सुटका होई, आणि बाहेर पडल्यावर हिरवे ओळखपत्र अंगावर बाळगावे लागे. रोलंडवरचा खटला सप्टेंबरमध्ये काढून घेण्यात आला, कारण त्या मुलीलाच तो चालवायचा नव्हता.

घरे-दुकाने गेली त्याची भरपाई मिळाली असेल ना? विमा तर होता.

मुंबईतल्या व्यापारी श्रोत्यांचा हा पहिला प्रश्न असतो, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातला तो सर्वांत नेमका प्रश्न आहे. आगीच्या रात्री काय झाले हे बहुतेकांना ठाऊक असते. खरा ऐवज त्यानंतरच्या महिन्यांत, कागदावर गेला.

विमा होता, पण पॉलिसीत दंगलीमुळे झालेले नुकसान वगळणारे कलम होते. घटनेला सरकारदरबारी दंगल म्हटले की कंपनी मोकळी. ग्रीनवुडमध्ये इमारती असलेला विल्यम रेडफर्न हा गोरा मालक यावर न्यायालयात गेला. शहराच्या अधिकाऱ्यांनी नेमलेल्या माणसांनीच आगी लावल्या असे साक्षीपुरावे आले, तरी १९२६ साली ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. गोऱ्या मालकाची ही गत, तिथे कृष्णवर्णीयांच्या दाव्यांचे काय होणार होते? शहराकडे केलेले त्यांचे अर्जही फेटाळले गेले.

त्याच जूनच्या पहिल्या आठवड्यात नगरपालिकेने नवा नियम काढला की, जळालेल्या भागात बांधायचे ते अग्निरोधक साहित्यानेच बांधले पाहिजे. ऐकायला हा नियम किती शहाणपणाचा वाटतो! परंतु ज्यांच्या अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरले नव्हते त्यांना तो खर्च झेपणार नाही, जमीन स्वस्तात सुटेल आणि तिथे रेल्वेसाठी व कारखान्यांसाठी जागा होईल, हा त्यामागचा हिशेब होता. बी. सी. फ्रँकलिन या कृष्णवर्णीय वकिलाची कचेरीही जळाली होती. त्यांनी तंबू ठोकला, आत टेबल आणि टंकलेखन यंत्र मांडले आणि तिथून अशिलांची कामे चालवत या नियमाला न्यायालयात आव्हान दिले. नियम टिकला नाही. लोकांनी स्वतःच्या बळावर, उसनवारी करून ग्रीनवुड पुन्हा उभे केले आणि पुढची दोन दशके ते चांगले चाललेही. मग १९६० नंतर शहर नूतनीकरण आणि महामार्ग आले. त्यांनी ग्रीनवुडचा बहुतेक भाग पाडला, आणि या वेळी गोळी झाडावी लागली नाही.

एवढी मोठी घटना लोकांना माहीत कशी नव्हती?

माहीत होती, बोलली जात नव्हती. ‘टल्सा ट्रिब्यून’च्या जपून ठेवलेल्या जुन्या अंकांची मायक्रोफिल्म करायची वेळ आली तेव्हा असे आढळले की, ३१ मे १९२१ च्या अंकातून पहिल्या पानावरची ती बातमी कापून काढलेली आहे आणि संपादकीय पानही फाडलेले आहे. ते कोणी आणि कधी केले याची नोंद नाही. शाळेच्या पुस्तकांत धडा नव्हता. गोऱ्यांना लाज आणि खटल्यांची भीती होती. वाचलेल्या कृष्णवर्णीयांना, मुलांना सांगितले तर ती या शहरात जगतील कशी, ही चिंता होती. राज्याने १९९७ साली आयोग नेमला, त्याचा अहवाल २००१ साली आला. ओकलॉन दफनभूमीत २०२० पासून खोदकाम होऊन बेनाम कबरी सापडल्या आणि २०२४ मध्ये त्यांतल्या एका मृताची ओळख पटली.

काही ठिकाणी मौनाऐवजी उलटा इतिहास उभा केला गेला. कोल्फॅक्समध्ये राज्याने विसाव्या शतकाच्या मध्यावर फलक लावला, त्यावर या कत्तलीने दक्षिणेतील गैरकारभाराचा अंत झाला असे अभिमानाने लिहिले होते. तो २०२१ मध्ये काढला.

शंभर वर्षांनंतरही परिणाम उरतात, हे कशावरून म्हणायचे?

सर्वांत सरळ हिशेब वारशाचा आहे. मुंबईत ज्याच्या आजोबांची पागडीची का होईना खोली गिरगावात किंवा दादरला होती आणि ज्याच्या आजोबांची नव्हती, त्या दोन नातवंडांच्या आयुष्यांत काय अंतर पडते हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ग्रीनवुडमध्ये जळालेली हॉटेले, घरे आणि दवाखाने नातवंडांपर्यंत पोहोचलेच नाहीत.

त्यावर दुसरा थर स्थलांतराचा. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिण सोडली. यामागे कारखान्यांतली मजुरी होती तशीच झुंडीची भीतीही होती. ज्या शिकागो-डेट्रॉइटमध्ये ते गेले, तेथे १९३० च्या दशकात केंद्राच्या गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात दाखवल्या. लाल म्हणजे कर्जाला धोकादायक. अमुक पिनकोडचा पत्ता सांगितला की कर्जाचा अर्ज पुढे सरकत नाही, हा अनुभव असलेल्या मुंबईकराला याचा अर्थ लगेच कळतो.

याखेरीज मोजायला अवघड, पण मोजले गेलेले नुकसानही आहे. अर्थशास्त्रज्ञ लिसा कुक यांनी १८७० ते १९४० या काळातील कृष्णवर्णीय संशोधकांची पेटंटे एकत्र करून दाखवले की लिंचिंग आणि दंगलींच्या काळात त्यांची संख्या घसरली. कायदा आपले रक्षण करणार नाही असे दिसल्यावर माणूस शोध लावून तो नोंदवण्याच्या फंदात पडेलच कसा? आणि विश्वासाचे म्हणाल तर, टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना केवळ निरीक्षणाखाली ठेवले, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिले नाही. सरकारी डॉक्टरकडे संशयाने पाहण्याची सवय अज्ञानातून आलेली नसते.

दोन्ही बाजूंनी हिंसा झालीच होती ना?

काही ठिकाणी, हो. जुलै १९१९ मध्ये शिकागोत युजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा मुलगा तलावात पोहताना गोऱ्यांच्या किनाऱ्याकडे वाहत गेला, त्याच्यावर दगड फेकले गेले आणि तो बुडाला. त्यानंतरच्या दंगलीत २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरे ठार झाले. हे १५ मृत्यूही मृत्यूच आहेत. मात्र पोलिसांनी दगड मारणाऱ्याला अटक करायला नकार दिला होता आणि नंतर बेघर झाली ती सुमारे हजार कुटुंबे मुख्यतः कृष्णवर्णीयांची होती.

भारतीय माणसांवर असे हल्ले झाले आहेत का?

झाले आहेत. ४ सप्टेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथे लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्या भारतीय, मुख्यतः शीख, मजुरांना जमावाने बिछान्यांतून ओढून शहराबाहेर काढले. काही दिवसांत तेथे एकही भारतीय उरला नाही. १९८७ च्या सुमारास न्यू जर्सीतील जर्सी सिटी परिसरात कपाळावरच्या कुंकवावरून स्वतःचे नाव पाडलेली ‘डॉटबस्टर्स’ ही टोळी भारतीयांवर हल्ले करत होती. ५ ऑगस्ट २०१२ रोजी विस्कॉन्सिनमधील ओक क्रीक गुरुद्वारात गोऱ्या वंशवाद्याने सहा जणांना गोळ्या घालून मारले. जानेवारी १९४९ मधील डर्बनची दंगल वेगळ्या जातीची होती: तेथे गोऱ्यांच्या राज्यात दडपलेल्या आफ्रिकन लोकांचा राग भारतीय दुकानदारांवर निघाला आणि १४२ माणसे मेली, ज्यांत आफ्रिकन मृतांची संख्या भारतीयांहून अधिक होती.

इंग्रजांच्या काळात आपल्याकडे जे घडले तेही वांशिक हिंसेत मोडते का?

निश्चितच. जालियनवाला बागेतील १३ एप्रिल १९१९ चा गोळीबार सर्वांना माहीत आहे; सरकारी आकडा ३७९ मृतांचा. अमृतसरच्या ज्या गल्लीत एका इंग्रज बाईवर हल्ला झाला होता तिथून जाणाऱ्या प्रत्येक हिंदी माणसाने पोटावर सरपटत जावे, हा त्यानंतरचा हुकूम मला गोळीबाराइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात शिक्षा गुन्हेगाराला नसून वंशाला होती.

रोजची हिंसा मात्र याहून साधी होती. १८७६ साली गाजलेल्या प्रकरणात आग्र्यातील फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने आपल्या सईसाला मारले, तो दगावला, आणि फुलरला ३० रुपये दंड झाला. प्लीहा आधीच वाढलेली असल्याने साध्या माराने ती फुटली, असे वैद्यकीय कारण अशा खटल्यांत पुन्हा पुन्हा पुढे येई. व्हाइसरॉय लिटन यांनी इतक्या कमी शिक्षेबद्दल नाराजी नोंदवली तर इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांच्यावरच झोड उठवली.

मग जात आणि वंश एकच म्हणायचे का?

बाबासाहेबांचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी होते. ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगवेगळ्या वंशांचे आहेत ही मांडणी त्यांनी १९३६ साली खोडून काढली आणि पुढेही तेच मत कायम ठेवले. कायद्याच्या अंगाने पाहिले तर वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्याच कलमात वर्णाबरोबर ‘जन्मकूळ’ हाही आधार नमूद आहे, आणि त्यात जात येते असे संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीने २००२ साली म्हटले. भारताने हा करार १९६८ साली मान्य केला, पण जात त्यात मोडत नाही ही सरकारची भूमिका राहिली. २००१ च्या डर्बन परिषदेत दलित कार्यकर्ते आणि भारत सरकार याच मुद्द्यावर आमनेसामने उभे होते.

माझ्या मते तुलना उत्पत्तीची करू नये, यंत्रणेची करावी. रंग डोळ्यांना दिसतो. जात आडनावावरून, गावावरून, ‘नॉनव्हेज खाता का’ या दलालाच्या प्रश्नावरून काढून घ्यावी लागते. मात्र ज्याने पायरी ओलांडली, पक्के घर बांधले, जमिनीवर हक्क सांगितला, त्याच्यावर घाव पडतो हे दोन्हीकडे सारखे आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि त्यानंतर गावोगाव दलितांची घरे जळाली, ती अशाच कारणाने.

मुंबईतल्या घटना या चौकटीत बसतात का?

सगळ्या नाहीत, आणि ओढूनताणून बसवूही नयेत. वरळीच्या बीडीडी चाळींत ५ जानेवारी १९७४ रोजी दलित पँथरच्या सभेवर दगडफेक आणि लाठीमार झाल्यापासून जे पेटले ते कित्येक आठवडे धुमसत राहिले. १० जानेवारीच्या मोर्चात वरून टाकलेला वाटणाचा दगड डोक्यात पडून भागवत जाधव गेले. स्वयंपाकघरातली वस्तू शस्त्र झाली, कारण हल्लेखोर आणि मोर्चेकरी एकाच प्रकारच्या चाळींत राहणारे, एकाच गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारे होते. या दंगलीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भस्मे आयोग नेमला गेला.

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि १० जण ठार झाले. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ साली जन्मठेप झाली, पुढे अपिलात जामीन मिळाला. गोळीबारानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडला आत्महत्या केली. आज त्या वस्तीतून पूर्व मुक्त मार्गाचा विस्तार जायचा आहे. ग्रीनवुडची आठवण येते, पण येथे रहिवाशांना त्याच जागी पुनर्वसनाची घरे कबूल केलेली आहेत. ती मिळतात की नाही यावर तुलना खरी की खोटी हे ठरेल.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगली धार्मिक होत्या, वांशिक नव्हेत. श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू नोंदले: ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, बाकीचे इतर किंवा ओळख न पटलेले. परंतु मागे उरणारे परिणाम पाहायचे तर हेच उदाहरण सर्वांत जवळचे आहे. मिश्र वस्त्यांतून माणसे आपापल्या धर्माच्या मोहल्ल्यांत गेली, मुंब्रा पाहता पाहता मोठे शहर झाले, आणि बेपत्ता १६८ जणांपैकी ज्यांच्या वारसांना काहीच मिळाले नव्हते त्यांचा शोध घेऊन भरपाई द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी द्यावा लागला.

आपण भारतीय वंशद्वेष करतो का?

करतो. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात मॉलमध्ये आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावाने खुर्च्यांनी मारल्याचे चित्रीकरण साऱ्यांनी पाहिले. २०१४ साली दिल्लीत अरुणाचलच्या तरुणाचा मारहाणीनंतर मृत्यू झाल्यावर केंद्राला बेझबरुआ समिती नेमावी लागली. मुंबईत नायजेरियन भाडेकरू म्हटले की सोसायटीच्या सभेत पुढचा शब्द कोणता निघतो, हे सभासदांना विचारून पाहावे. ज्या किनाऱ्यावर सिद्दींनी जंजिऱ्यावरून शतकानुशतके राज्य केले, त्या किनाऱ्यावरची ही स्थिती आहे.

माफी किंवा भरपाई कुठे मिळाली आहे का?

थोड्या ठिकाणी. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत कोंडलेल्या जपानी वंशाच्या हयात अमेरिकनांना १९८८ च्या कायद्याने माफी आणि प्रत्येकी २० हजार डॉलर मिळाले. फ्लोरिडातील रोझवुड हे गाव १९२३ साली जाळले गेले. १९९४ साली राज्याने सुमारे २१ लाख डॉलर मंजूर केले. नामिबियात १९०४ ते १९०८ मध्ये केलेला हेरेरो आणि नामा लोकांचा वंशसंहार जर्मनीने २०२१ साली मान्य केला, पण देऊ केलेल्या रकमेला भरपाई म्हणायचे टाळले. टल्साच्या शंभरी ओलांडलेल्या पीडितांचा दावा ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळला. लिंचिंगला अमेरिकेत केंद्रीय गुन्हा ठरवणारा कायदा, १९०० पासून सुमारे दोनशे प्रयत्न फसल्यानंतर, मार्च २०२२ मध्ये झाला. त्याला १९५५ साली मिसिसिपीत मारल्या गेलेल्या १४ वर्षांच्या एमेट टिलचे नाव आहे.

हे सगळे उकरून जुन्या जखमा पुन्हा वाहायला लागत नाहीत का?

हा प्रश्न विचारणारा बहुधा जखम झालेल्यांपैकी नसतो, असा माझा अनुभव आहे. एमेट टिलच्या आईने शवपेटी उघडी ठेवा, माझ्या मुलाचे काय केले ते लोकांना पाहू द्या, असा आग्रह धरला होता. अलाबामातील माँटगोमेरी येथे २०१८ साली उघडलेल्या स्मारकात आठशेहून अधिक पोलादी स्तंभ टांगलेले आहेत, एकेका जिल्ह्याचा एकेक, त्यावर तेथे मारल्या गेलेल्यांची नावे कोरलेली. जिथे नाव सापडले नाही तिथे ‘अज्ञात’ एवढेच.

मुंबईत राहून अधिक शोध घ्यायचा असेल तर कुठून सुरुवात करावी?

टल्सा आयोगाचा २००१ चा अहवाल आणि आयडा वेल्स यांचे लेखन इंटरनेटवर विनामूल्य मिळते. आंबेडकर आणि डु बॉइस यांचा पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात ऑनलाइन पाहता येतो. बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने काढले आहेत. ब्रिटिश काळातील मुंबई इलाख्याचे कागद पाहायचे असतील तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे, आणि जुनी मराठी वृत्तपत्रे-मासिके चाळायला दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय सोयीचे पडते. वरळी आणि रमाबाई नगरच्या घटना पाहिलेली माणसे अजून शहरात आहेत. त्यांच्याकडे जाताना आधी विचारून, परवानगी घेऊन जावे आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्यांच्या घरी ठेवावी.